सतरावी नोंद

माझ्या नाकावर राग असतो हे घरी सगळ्यांना ठाऊक होतं. वेधशाळेत ते संचालकांना एका बैठकीत कळलं. डोंगरावरच्या आमच्या दुर्बिणीला नवा इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बसवायचा होता, आणि मी वीस वर्षं काचेच्या फोटोप्लेटांवर तारे टिपलेला माणूस. नव्या कॅमेऱ्याचं कौतुक करणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुला सप्तर्षी दाखव म्हटलं तर तू आधी मॅन्युअल शोधशील." सगळे हसले. संचालक हसले नाहीत. दोन महिन्यांनी माझ्या हातात बदलीचा कागद पडला. लखनौ, ऐतिहासिक अभिलेखागार, प्रभारी अधिकारी.

वेधशाळा मुळात लखनौचीच. शहराचे दिवे वाढत गेले तशी दुर्बीण डोंगरावर गेली, पण जुन्या वह्या, पत्रं, तक्ते आणि प्लेटा छावणीला लागून असलेल्या एका बंगल्यात तशाच राहिल्या. त्या सांभाळायला कुणीतरी लागायचं, आणि डोंगरावर जो नकोसा झाला असेल त्याला तिथे पाठवायची सोय होती. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं. बायको मात्र खूश होती. मुलीला चांगलं कॉलेज मिळालं, भाजीवाला दारात यायला लागला, आणि बँकेतली, रेल्वेतली चार मराठी कुटुंबं गणपतीला जमतात ही खबर तिने पहिल्याच आठवड्यात काढली.

"तारे बघणारा माणूस आता उंदीर बघणार," मी म्हणालो.

"बघा की," ती म्हणाली, "निदान रात्री घरात तरी असाल."

बंगल्यात पाच खोल्या होत्या आणि पाचही खोल्यांत छतापर्यंत कागद. माझ्या हाताखाली एक म्हातारा दफ्तरी होता. तो सकाळी कुलपं उघडायचा आणि संध्याकाळी लावायचा, आणि मधल्या वेळात त्याला काही सांगितलं की "हो जाएगा साहब" म्हणायचा. मीही काही वेगळं करत नव्हतो. खिडकीत कूलर लावून मी डोंगरावरच्या मित्रांना पत्रं लिहायचो, आणि त्या पत्रांत स्वतःला 'कागदांचा चौकीदार' म्हणवून घ्यायचो. आता ते शब्द आठवले की कानशिलं तापतात. चौकीदारीसुद्धा मला जमली नाही, हे मला पुढे कळायचं होतं.

पहिल्याच जून महिन्यात चारबाग स्टेशनहून पार्सलची चिठ्ठी आली. वेधशाळेतले एक जुने साहेब वारले होते आणि त्यांच्या मुलाने घरात सापडलेले कार्यालयाचे कागद एका लोखंडी ट्रंकेत भरून रेल्वेने पाठवले होते. दफ्तरी रजेवर होता. मग मीच गेलो. लूचे गरम वारे सुटलेले, पार्सल ऑफिसात पंखा बंद, आणि माझ्याजवळच्या कागदावर कुठलासा एक शिक्का कमी. दोन तास मी उभा होतो. शेवटी हमालाने ट्रंक उचलली आणि म्हणाला, "साहब, पत्थर भरे हैं क्या?" मी त्याच्यावरही ओरडलो. टेंपोत त्या ट्रंकेशेजारी बसून छावणीपर्यंत येईतो मला त्या मेलेल्या साहेबांचा, त्यांच्या मुलाचा आणि ट्रंकेचा मनस्वी राग आला होता. झाकणावर पांढऱ्या रंगाने साहेबांचं नाव लिहिलेलं होतं. त्या झाकणाची कड वाटभर माझ्या गुडघ्याला टोचत होती.

त्याच महिन्याअखेर तपासणी व्हायची होती, आणि आलेल्या सामानाची आवक रजिस्टरात नोंद व्हायला हवी होती. मी एका दुपारी ट्रंक रिकामी केली आणि एकेक वस्तू लिहून काढली. पत्रांची पुडकी, फोटो, हवेच्या दाबाचे तक्ते, एका भिंगाची पेटी. आणि अकरा रफ वह्या.

इथे थोडं आमच्या कामाबद्दल सांगायला हवं. जुन्या काळी दुर्बिणीला डोळा लावलेला माणूस आकडा मोठ्याने सांगायचा. शेजारी बसलेला सहायक तो लिहायचा, आणि लिहिलेलं मोठ्याने परत म्हणायचा. सांगणाऱ्याने 'ठीक' म्हटलं की पुढचा आकडा. काम संपल्यावर सांगणारा प्रत्येक ओळीपुढे आपली आद्याक्षरं टाकायचा. ही झाली रफ वही. तीत खोडायला बंदी. चुकलं तर एक रेघ मारून वर लिहायचं. दुसऱ्या दिवशी सहायक त्या वहीवरून सुवाच्य अक्षरात पक्कं रजिस्टर करायचा. त्यात रेघा नसत, चहाचे डाग नसत आणि आद्याक्षरंही नसत. पुढची सगळी गणितं व्हायची ती या पक्क्या रजिस्टरावरून.

आम्हा खगोलवाल्यांना त्यामुळे एक खोड लागते. आकडे पक्क्यात गेले, गणित झालं, छापून आलं, की मागचे कागद आमच्या लेखी मेले. इतिहासाचा एखादा मास्तर माझ्या जागी असता तर त्याने रफ वह्या छातीशी धरल्या असत्या. मी पाहिलं की याच वर्षांची पक्की रजिस्टरं तिसऱ्या खोलीत आहेत. मग ही अडगळ कशाला? आवक रजिस्टरात सतराव्या ओळीवर मी लिहिलं, 'रफ निरीक्षण वह्या, अकरा'. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने लिहिलं, 'पक्की प्रत उपलब्ध, नष्ट', आणि खाली सही केली. एकही वही उघडून पाहिली नाही. दफ्तरी रजेवरून परतल्यावर त्याने त्या वह्या बंगल्यामागे माळ्याच्या पाचोळ्यात जाळल्या. धूर खिडकीतून आत आला तेव्हा मी ओरडून म्हणालो, "अरे भैया, थोड़ा दूर जलाओ ना!"

नोव्हेंबरात एक दिवस दफ्तरी सांगत आला की बाहेर एक बुजुर्ग उभे आहेत. सत्तरीचा माणूस, पँटला सायकलच्या क्लिपा लावलेल्या, गळ्यात मफलर, हातात जेवणाचा डबा. तेलीबागहून सायकल मारत आले होते. वेधशाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा-तेरा वर्षं झाली होती. तरी ते दारातच थांबले आणि मी दोनदा म्हटल्याशिवाय खुर्चीवर बसले नाहीत.

त्यांची हकीकत त्यांनी अगदी शांतपणे सांगितली. ते दुर्बिणीशेजारी बसून आकडे लिहिणारे सहायक होते. एका संध्याकाळी चंद्राआड एक तारा जायचा होता, आणि तो नेमका कधी दिसेनासा होतो ती वेळ टिपून परदेशी पाठवायची होती. साहेबांनी वेळ सांगितली, सात वाजून सत्तेचाळीस मिनिटं आणि वर काही सेकंद. यांनी लिहिली, परत म्हटली, साहेब 'ठीक' म्हणाले, आद्याक्षरं टाकली. काही महिन्यांनी परदेशातून उत्तर आलं की लखनौची वेळ बरोबर एका मिनिटाने चुकली आहे. सेहेचाळीस हवं होतं. साहेब म्हणाले, मी सेहेचाळीसच सांगितलं होतं, लिहिणाऱ्याने चूक केली. पक्कं रजिस्टर तर यांच्याच अक्षरात होतं. यांनी रफ वही बघा म्हणून हात जोडले. साहेब म्हणाले, वही सापडत नाही.

"फिर सर्विस बुक में चढ़ गया कि लापरवाह है," ते म्हणाले. "मुझे स्टोर में बैठा दिया. उन्नीस साल बल्ब और झाड़ू का हिसाब रखा, साहब. गुंबद के अंदर फिर कभी नहीं गया."

मला वाटलं, हा माणूस आता अर्ज लिहून घ्यायला सांगणार, पेन्शनचं काहीतरी काढणार. मी म्हणालोही, की इतक्या वर्षांनी शेरा काढून टाकणं कठीण आहे.

"नहीं नहीं, रिमार्क का क्या करना है अब," ते म्हणाले. मग थोडा वेळ मफलरचं टोक चाळवत बसले. "बात ये है कि अब मुझे ख़ुद शक होने लगा है. पहले पक्का याद था कि साहब ने सैंतालीस बोला. अब कभी-कभी लगता है, सेहत भी ठीक नहीं रहती, कहीं मैंने ही तो ग़लत नहीं लिखा? बस एक बार अपनी आँख से देख लूँ. ग़लती मेरी निकली तो भी ठीक है."

मी विचारलं, साहेब कोण? त्यांनी नाव सांगितलं. ट्रंकेवरचं नाव.

 त्याच क्षणी सांगायला हवं होतं. वह्या इथे आल्या होत्या, पाच महिन्यांपूर्वी, आणि मी त्या जाळायला लावल्या. एवढी दोन वाक्यं. पण समोर तो माणूस डबा मांडीवर घेऊन बसलेला, आणि दारात दफ्तरी कान देऊन उभा. मी सरकारी नोकरीतलं सगळ्यात सोपं वाक्य बोललो.

"देखते हैं. अभी तो सब बिखरा पड़ा है, ढूँढना पड़ेगा."

त्यांचा चेहरा उजळला. "तो मैं ढूँढवा दूँ? घर पर ख़ाली ही रहता हूँ."

मी नाही म्हणू शकलो असतो. म्हटलं नाही. खरं सांगायचं तर मनात आलं की पाच खोल्यांची धूळ खाऊन हा म्हातारा आपोआप कंटाळेल. मी इतका क्षुद्र विचार केला हे इथे लिहिताना माझी मला लाज वाटते, पण तो केला होता.

ते कंटाळले नाहीत. दर मंगळवारी दहाच्या ठोक्याला सायकलची घंटी वाजायची. आल्या आल्या मफलर तोंडावर बांधायचे, फडकं घ्यायचे आणि एकेक कपाट उपसायला लागायचे. त्यांना तिथली सगळी अक्षरं ओळखू यायची. हे अमक्या बाबूंचं, हे इंग्रज साहेबाच्या काळातलं, यातले सात आणि एक सारखेच दिसतात तेव्हा सांभाळून. मला ज्या ढिगात नुसता कचरा दिसत होता त्यात ते माणसं ओळखत होते. महिनाभरात माझी पत्रं लिहायची खोड सुटली. त्यांच्याबरोबर मीही बसायला लागलो, आणि आम्ही त्या अभिलेखागाराची पहिली सूची करायला घेतली.

पद्धत त्यांनीच ठरवली, त्यांच्या सवयीची. मी वस्तू हातात घेऊन काय आहे ते सांगायचं, त्यांनी सूचीत लिहायचं, लिहिलेलं मोठ्याने परत म्हणायचं, मी 'ठीक' म्हणायचं. पान संपलं की प्रत्येक ओळीपुढे माझी आद्याक्षरं. पहिल्यांदा मी कंटाळा केला. म्हटलं, पानाखाली एक सही पुरे. त्यांनी मान हलवली. "लाइन-लाइन पर, साहब. वरना बाद में लिखनेवाला ही फँसता है."

मी लाइन-लाइनवर आद्याक्षरं टाकली, आणि प्रत्येक कपाट रिकामं झालं की ते आतल्या कोपऱ्यात हात फिरवून बघायचे. तिथे काही राहिलं नाही ना, म्हणून. मग माझ्याकडे बघून हसायचे. "इसमें भी नहीं. कोई बात नहीं, अभी दो कमरे बाक़ी हैं."

बायकोला मी पहिल्या पंधरवड्यातच सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "उद्याच सांगून टाका." मी हो म्हणालो. पुढच्या मंगळवारी तिने विचारलं, "सांगितलंत?" त्याच्या पुढच्याही मंगळवारी. मग ती विचारायची बंद झाली. मात्र मंगळवारचा डबा मोठा झाला. थालीपीठ, लोणचं, दही. म्हाताऱ्यांना थालीपीठ फार आवडायचं. ते त्यांच्या डब्यातली अरवी, म्हणजे अळकुड्यांची भाजी, मला वाढायचे आणि सांगायचे, "भाभीजी से कहिए, ये वाली रोटी हमारी बहू को भी सिखा दें." मी घरी येऊन हे हौसेने सांगितलं तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून ती म्हणाली, "डबा मी दर मंगळवारी देईन त्यांना. पण तुम्ही त्यांच्यासमोर बसून खात जाऊ नका. मला ते बघवत नाही."

"तुला कुठे दिसतं?"

"दिसतं," ती म्हणाली, आणि पुन्हा लाटायला लागली.

मुलगी आत अभ्यास करत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "पापा, बता क्यों नहीं देते? इतना क्या डरना, यार." आमच्या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत. मी तिला म्हणालो की मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. दुसरं काय म्हणणार होतो?

उन्हाळा आला. जेठातल्या, म्हणजे ज्येष्ठ महिन्यातल्या, मंगळवारी लखनौभर हनुमानाचे भंडारे लागतात, रस्तोरस्ती पुरी-सब्जी आणि सरबत. ते येताना द्रोण घेऊन आले. दफ्तऱ्याला दिला, मला दिला, आणि बंगल्यामागच्या सावलीत आम्ही तिघं खायला बसलो. माळ्याने पाचोळा जाळून जाळून तिथली जमीन काळी पडली होती. बरोबर वर्षापूर्वी, याच दिवसांत. दफ्तरी माझ्याकडे बघत होता. त्यानेच जाळल्या होत्या, त्याला माहीत होतंच, आणि मी काही बोलत नाही म्हणून तोही बोलत नव्हता. माझ्यासारख्याच्या हाताखाली काम करून तोही माझ्यासारखा झाला होता. मी पुरी गिळली आणि प्रसाद छान आहे असं काहीतरी म्हणालो.

त्या पावसाळ्यानंतर संचालक आले. हे नवीन संचालक, मला ओळखत नव्हते. सूचीच्या चार जाडजूड वह्या पाहून ते थक्क झाले. असं काम देशात कुठल्या वेधशाळेत झालं नसेल, म्हणाले. अक्षराची तारीफ केली. मी म्हणालो, "थँक यू, सर." म्हातारे दारात फडकं घेऊन उभे होते. मंगळवार होता ना. संचालकांनी त्यांना चहा सांगितला. त्यांना ते शिपाई वाटले. मी तोंड उघडेपर्यंत ते "जी हुज़ूर" म्हणून आत गेलेसुद्धा, आणि ट्रेमध्ये दोन कप घेऊन आले. मग मी काही बोललोच नाही. संचालक गेल्यावर मी माफी मागायला लागलो तर ते म्हणाले, "अरे छोड़िए, चाय ही तो थी." कौतुकाचं पत्र पुढे माझ्या एकट्याच्या नावाने आलं. ते घरी कुणालाच दाखवावंसं वाटलं नाही. अजून कुठल्याशा फायलीत पडलेलं असेल.

दिवाळी झाली, थंडी पडली. चौथी खोली संपली आणि पाचवीही संपत आली. त्यांचा सायकलचा वेग कमी झाला होता, दहाऐवजी साडेदहा व्हायचे. कपाटाच्या कोपऱ्यात हात फिरवताना ते आता हसत नसत. एकदा म्हणाले, "शायद साहब ने फाड़ दी होगी. या शायद मैं ही ग़लत था, इसलिए भगवान दिखा नहीं रहा." मी त्यांना म्हणालो, असं मनात आणू नका. हे मी म्हणालो. ज्याने जाळली त्याने.

मी दर सोमवारी संध्याकाळी ठरवायचो की उद्या सांगायचं. वाक्यंसुद्धा जुळवायचो, हिंदीत, स्कूटरवर बसल्या बसल्या पुटपुटत. मंगळवारी त्यांनी मफलर तोंडावर बांधला की माझ्या तोंडाला कुलूप लागायचं. आता तर सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगाव्या लागल्या असत्या. जाळल्याची, आणि वर्षभर शोधू दिल्याची. पहिली चूक होती. दुसरीला चूक म्हणता येत नव्हतं.

एप्रिलमध्ये पाचवी खोली संपली. शेवटच्या कपाटाच्या कोपऱ्यात त्यांनी हात फिरवला, तळवा पाहिला, फडक्याला पुसला.  मग माझ्या टेबलाकडे वळून म्हणाले, "अब बस आपका आवक रजिस्टर रह गया है. वो भी चढ़ा दें, तो सूची पूरी."

ते रजिस्टर दीड वर्ष माझ्या टेबलाच्या खणात होतं. मला माहीत होतं की हा दिवस येणार. आदल्या रात्री मी विचार करून ठेवला होता. नोंदी मीच वाचून सांगणार, रजिस्टर माझ्याच हातात राहणार, त्यांचे डोळे सूचीवर. सतरावी ओळ गाळायची. एक ओळ. पुढे कुणी पाहणार नाही, आणि हा माणूस निदान एवढं तरी मनात घेऊन जाईल की वही साहेबांनीच फाडली. मी स्वतःला पटवलं होतं की हे त्यांच्या भल्यासाठी आहे.

ते बसले. सूची उघडली, पेनाचं टोपण काढलं. मी सांगायला लागलो. एक, जुन्या घड्याळाची दुरुस्तीची पावती. त्यांनी लिहिलं, परत म्हटलं. ठीक. दोन. तीन. माझा आवाज मला दुसऱ्याचाच वाटत होता. चौदा, पत्रांची पुडकी, सहा. ठीक. पंधरा, फोटो, एक पाकीट. ठीक. सोळा, हवेच्या दाबाचे तक्ते. ठीक.

"अठारह," मी म्हणालो, "लेंस, लकड़ी की पेटी समेत."

पेन हललं नाही. त्यांनी मानही वर केली नाही.

"साहब, सोलह के बाद अठारह बोले आप."

 ते वाट पाहत होते, जशी त्यांनी उभ्या आयुष्यात दुर्बिणीशेजारी बसून पाहिली असेल. सांगणारा सांगेल, मग लिहायचं. त्यांना संशय आला होता असं मला वाटत नाही. एक आकडा राहिला होता, एवढंच.

"सत्रह," मी म्हणालो.  मी पाणी प्यायलो. "सत्रह. रफ़ निरीक्षण बहियाँ. ग्यारह." आणि साहेबांचं नाव सांगितलं. आणि शेरा सांगितला. नष्ट. आणि माझी सही. आणि तारीख.

त्यांनी पेन खाली ठेवलं. रजिस्टर मागितलं नाही. मीच ते फिरवून त्यांच्यापुढे सरकवलं, आणि त्यांनी चष्मा वर करून ती लाल ओळ वाचली. तारखेवर त्यांचं बोट थोडा वेळ थांबलं. ते त्यानंतर पाच महिन्यांनी आले होते, हे त्यांना बोटं न मोजताही कळलं असणार.

मी काहीबाही बोलत सुटलो. मला माहीत नव्हतं, सांगायचं होतं, रोज ठरवत होतो, माझी हिंमत झाली नाही. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. रागाने नाही. एखादा महत्त्वाचा आकडा यायचा असताना मध्येच कुणी बोललं तर थांबवावं तसं.

"एक बात बताइए," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "जलाने से पहले खोलकर देखी थी? वो पन्ना? सैंतालीस था कि छियालीस?"

तेवढी एकच आशा आता उरली होती. वही गेली तरी ती पाहिलेला एक माणूस जिवंत असू शकत होता. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी 'सैंतालीस' म्हटलं असतं तर ते आनंदाने घरी गेले असते, आणि कुणालाही कधी कळलं नसतं. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. दीड वर्ष मी स्वतःला वाचवायला गप्प बसलो होतो, आता त्यांना वाचवायला खोटं बोलायची वेळ आली होती. आणि मग मला दिसलं की तो माणूस आयुष्यभर दुसऱ्याने सांगितलेलं खरं मानून लिहीत आला होता, आणि त्यातूनच त्याचं वाटोळं झालं होतं.

"नहीं," मी म्हणालो. "एक भी नहीं खोली."

त्यांनी वर सरकवलेला चष्मा खाली घेतला. मग त्यांनी पेन उचललं. सूचीत सतराव्या ओळीवर लिहिलं, त्यांच्या त्या सुंदर, सरळ अक्षरात, आणि रीतीप्रमाणे मोठ्याने परत म्हटलं.

"सत्रह. रफ़ निरीक्षण बहियाँ, ग्यारह." आणि शेऱ्याच्या रकान्यावर आले तेव्हा क्षणभर थांबून, "बिना देखे नष्ट."

माझ्या रजिस्टरात 'बिना देखे' नव्हतं. ते शब्द त्यांनी घातले होते, आणि ते खरे होते. ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"ठीक," मी म्हणालो.

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली आणि ओळीपुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. पान संपायची वाट त्यांनी फक्त या वेळी पाहिली नाही. मी आद्याक्षरं टाकली. ती वाकडी आली, माझी वाटतही नाहीत. त्यांनी वही परत आपल्यापुढे घेतली, शाई वाळेपर्यंत थांबले, आणि पुढच्या ओळीवर पेन टेकवून म्हणाले, "अठारह, साहब."

मी त्यांना अठरावी नोंद सांगितली.